ब्याऐंशी पिसांचा पोपट

लहान मुलासाठी पक्ष्याच्या पंखांचा पोशाख शिवायला घेतला की आम्ही पहिलं माप बसलेल्या मुलाचं घेतो. मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवायचं, मानेच्या मागे वर आलेलं हाड बोटाने चाचपायचं आणि तिथून जमिनीपर्यंत टेप सोडायची. चार वर्षांच्या, साधारण १०० सेंमी उंचीच्या मुलात हे माप ३६ सेंमीच्या आसपास भरतं. पाठीवर जे काही लोंबणार असेल, ते यापेक्षा निदान ४ सेंमी आखूड हवं. नाहीतर मूल आपल्याच पंखांवर बसतं, उठताना कापड मागे ओढलं जातं आणि गळ्याशी काचतं. पोटरीपर्यंत रुळणारे पंख उभ्याने काढलेल्या फोटोत फार छान दिसतात, पण मूल एकदा बसून उठलं की ते काढून टाकण्यासाठी रडायला लागतं.

वाढदिवसाला किंवा घरच्या एखाद्या समारंभाला मुलाला काहीतरी ‘बनवायचं’ असेल, तर पक्ष्याचे पंख हा आमचा सगळ्यात आवडता प्रकार. त्यात तार नाही, पुठ्ठा नाही, तोंडावर मुखवटा नाही. हात पसरले की पंख उघडतात, खाली घेतले की मिटतात, आणि चार वर्षांच्या मुलाला खेळायला एवढं पुरतं. इथे पोपट घेतलाय, कारण हिरव्याच्या दोन छटा, निळ्याची एक किनार आणि लाल चोच एवढ्यावर तो ओळखू येतो. रंग बदलले की याच कृतीने दुसरा कुठलाही पक्षी होतो.

दुसरं माप मनगटापासून मनगटापर्यंत. दोन्ही हात आडवे पसरायला लावून, मानेच्या मागून टेप फिरवून ते घ्यायचं. आपल्या १०० सेंमीच्या मुलात ते ७८ सेंमी येईल असं धरू. त्यात ६ सेंमी मिळवायचे. ही वाढ बहुतेक जण विसरतात. हात आडवे असताना पाठीची रुंदी जेवढी असते, ती हात पुढे घेतल्यावर वाढते. आणि मूल दिवसभर हात पुढेच घेत असतं. कुणाला मिठी मारायची, भेटीचा खोका उचलायचा, पेला धरायचा. नेमके ७८ सेंमीचे पंख असतील तर अशा वेळी मनगटाचं इलॅस्टिक कोपराकडे सरकतं आणि खांद्यावरची शिवण ताणली जाते. ८४ सेंमी घेतले की हात पसरल्यावर मागे जरा झोळ पडतो, पण पिसांखाली तो दिसत नाही.

आता कागदावर खाका. वर्तमानपत्राचे दोन कागद जोडून ८४ सेंमीची सरळ रेघ मारा. ही वरची कड, म्हणजे हातांवरून आणि मानेमागून जाणारी. मध्यापासून खाली २९ ते ३० सेंमी मोजून खूण करा. मग मध्यापासून दोन्ही बाजूंना १४ सेंमीवर २८ सेंमी खोल, २८ सेंमीवर २२ खोल आणि ३६ सेंमीवर १५ खोल अशा खुणा करून त्या हाताने गोलाईत जोडा. टोकाला रेघ अगदी निमुळती न करता मनगटाशी ४ सेंमी रुंदी ठेवा, म्हणजे इलॅस्टिक लावायला जागा राहते. वरच्या कडेच्या मध्यावर मानेसाठी १० सेंमी रुंद आणि ३ सेंमी खोल उथळ वाटीसारखा आकार काढा. खालच्या गोलाईला १ सेंमी आणि वरच्या कडेला २ सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, सोडली की ९० बाय ४० सेंमीच्या तुकड्यात सगळं बसतं.

खालचं कापड सुती आणि न ताणलं जाणारं हवं. जुनी सुती चादर उत्तम, कारण ती आधीच अनेकदा धुतलेली असते आणि आणखी आटत नाही. नवं कापड असेल तर कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. टी-शर्टचं होजिअरी कापड या जागी चालत नाही. पिसांच्या वजनाने ते खाली ओघळतं आणि शिवताना ओळी वेड्यावाकड्या होतात. पातळ मलमलही टाळा, तिच्यावर प्रत्येक टाक्याला चुण्या पडतात.

पिसांसाठी मात्र दोरे न सुटणारं कापड हवं. फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं जाडसर कापड, सगळ्यात सोयीचं, कारण कापलेल्या कडेला काहीच करावं लागत नाही. फ्लीसही चालतं, पण पिसं जरा गबदुल दिसतात. साधं सुती कापड वापरलं तर एका दिवसात कडांचे दोरे सुटून पिसांना झालर येते. ती हवी असेल तर गोष्ट वेगळी. होजिअरीच्या पिसांच्या कडा गुंडाळल्या जातात आणि त्यांच्या सुरळ्या होतात.

जाड कार्डाचा ५ बाय ९ सेंमीचा साचा कापा. वरची बाजू सरळ, खालची बाजू बोटाच्या टोकासारखी गोल. पिसांच्या पाच ओळी लागतात. सगळ्यात खालची ओळ निळसर हिरवी, २४ पिसांची. तिच्यावर गडद हिरव्याच्या दोन ओळी, २० आणि १६ पिसांच्या. त्यावर पोपटी रंगाच्या दोन, १३ आणि ९ पिसांच्या. एकूण ८२. मांडणी नीट केली तर निळसर हिरव्याला ३० बाय ३६ सेंमी, गडद हिरव्याला ३० बाय ५४ आणि पोपटीला ३० बाय ३६ सेंमी फेल्ट पुरतं. तरी फेल्ट थोडं जास्त घेऊन दोन-तीन पिसं प्रत्येक रंगात जास्त कापा, एखादं मशीनमध्ये चुरगळतंच. फेल्टचे तीन थर टाचण्यांनी एकत्र धरून कापले की वेळ एक तृतीयांश होतो. चौथा थर घातला की कात्री घसरते आणि खालची पिसं वरच्यांपेक्षा लहान निघतात.

हे कापणं चालू असताना मुलाला जवळ बसवा. रंगांप्रमाणे ढीग लावणं, दहा-दहाच्या जुड्या करणं, एकेक पीस हातात देणं ही कामं चार वर्षांचं मूल मनापासून करतं. याचा उपयोग समारंभाच्या दिवशी कळतो. अचानक समोर आलेला पोशाख घालायला बरीच मुलं नकार देतात. ज्याची पिसं स्वतः मोजली आहेत, तो अंगावर चढवताना भीती वाटत नाही.

आता शिवण. आधी खालच्या कापडाची गोल कड १ सेंमी दुमडून शिवून घ्या. मग शिंप्याच्या खडूने त्या कडेपासून ६ सेंमी वर, कडेला समांतर पहिली रेघ आखा, आणि तिथून प्रत्येकी ५ सेंमीवर पुढच्या चार. प्रत्येक रेघेवर दर ४ सेंमीला बारीक खूण. पीस ५ सेंमी रुंद आणि खुणा ४ सेंमीवर, म्हणजे प्रत्येक पीस शेजारच्यावर १ सेंमी चढतं आणि मधून खालचं पांढरं कापड डोकावत नाही.

पहिली ओळ खालची. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण हात आपोआप वरून सुरुवात करतात. वरून सुरू केलं तर दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या खाली सरकवावी लागते आणि मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, तिथे पोचत नाही. सगळं उसवून पुन्हा लावणं एवढाच मार्ग उरतो. खालून सुरू केलं की प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीची शिवण झाकत जाते. कौलं छपरावर अशीच चढवतात. पहिल्या ओळीतली पिसं ९ सेंमी लांब आणि रेघ कडेपासून ६ सेंमीवर, तेव्हा ३ सेंमी पिसं कडेच्या खाली लोंबतात. पंखांची खोली मध्यावर २९-३० धरली ती याचसाठी. लोंबणारी पिसं धरून ती ३२-३३ होते आणि गळ्याच्या वाटीत ३ सेंमी जात असल्यामुळे मध्यावर मापात बसते.

टाका लांब ठेवा, मशीनवर साडेतीन ते चार मिलिमीटर. फेल्टमध्ये बारीक टाका घातला की सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि ओढ बसली की पीस त्याच रेघेवर फाटतं, जसं भोकांची रांग पाडलेलं तिकीट फाटतं. हाताने शिवणार असाल तर दुहेरी दोऱ्याचा धावदोरा घालून दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटटाका घ्या, म्हणजे दोरा एका जागी तुटला तरी सगळी ओळ सुटणार नाही. मशीनवर एक पीस फूटखाली धरायचं, वरची कड खडूच्या रेघेला लावायची, पिसाच्या रुंदीच्या मध्यापर्यंत शिवून थांबायचं. सुई खाली, फूट वर. पुढचं पीस खुणेवर सरकवायचं, फूट खाली, आणि पुन्हा तेवढंच पुढे. दोरा कुठेच तोडायचा नाही. अशी दहा पिसं झाली की हाताला लय येते, आणि गोलाईवर कापड आपोआप वळत जातं.

टाचण्या वापरत असाल तर लावताना मोजा आणि काढताना मोजा. वीस लावल्या तर वीस डबीत परत आल्या पाहिजेत. फेल्टमध्ये बुडलेली टाचणी डोळ्यांना दिसत नाही. शिवण संपल्यावर सगळ्या पंखांवरून चुंबक फिरवला तर खात्री होते. कागद चिकटवायच्या गोंदाच्या कांडीने पिसाचं टोक तात्पुरतं चिकटवणं त्याहून सोपं, आम्ही आता बहुतेक वेळा तेच करतो.

हॉट ग्लूचा, म्हणजे वितळवून लावायच्या गोंदाचा, मोह सगळ्यांना होतो, कारण शिवणाचे तीन तास अर्ध्या तासावर येतात. पण गोंद थंड झाला की ओळ ताठ होते, पंख घडी घेत नाहीत आणि मूल हात हलवू लागलं की कडेची पिसं एकेक करून सुटतात. चोचीसाठी ठीक. पंखांसाठी नको.

वरची कड २ सेंमी मायेने मागे दुमडून शिवली की पिसांच्या ओळींची वरची टोकं तिथे उघडी दिसतात. त्यावर तिरक्या कापाची, म्हणजे कापडाच्या दोऱ्यांना तिरकी कापलेली, ३ सेंमी पट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून फिरवा. तिरका काप यासाठी, की सरळ पट्टी गळ्याच्या वाटीशी वळत नाही, तिथे सुरकुत्या पडतात.

पंख अंगावर बसवायचे कसे, यावर आमचं मत ठाम आहे. गळ्याशी नाडी, रिबन, दोरी, काही नको. लहान मूल पळताना पंख दाराच्या कडीत, खुर्चीच्या पाठीत, झोपाळ्यात अडकू शकतात, आणि गळ्यातली गाठ सुटत नाही. एक पूर्ण बाह्यांचा सैल सुती टी-शर्ट घ्या. त्याच्या प्रत्येक खांद्यावर, मानेजवळ आणि खांद्याच्या टोकाला, अशी मिळून चार टिचबटणं लावा आणि त्यांचे जोडीदार पंखांच्या पट्टीवर. जोराने ओढलं की टिचबटण सुटलंच पाहिजे. लावून झाल्यावर एकदा ओढून बघा. टी-शर्ट पातळ असेल तर बटणाच्या मागे आतून कापडाचा छोटा तुकडा ठेवून शिवा, नाहीतर बटणाबरोबर कापडही फाटून येतं. मनगटाला १ सेंमी रुंदीचं मऊ इलॅस्टिक: मनगटाचा घेर न ताणता मोजून त्यात १ सेंमी सैलपणा आणि २ सेंमी जोडाला. बोटात अडकवायचा फास काही जण करतात. त्याने बोट लाल होतं आणि काहीही हातात घ्यायचं म्हटलं की तो काढावा लागतो.

अंगातले कपडे दोन वेगळे हवेत, वर टी-शर्ट आणि खाली इलॅस्टिकची चड्डी किंवा पँट. मानेपासून पायापर्यंत एकसंध पोशाख, पाठीला चेन, हे लहान मुलाला शौचालयात फार अवघड जातं. मूल अगदी शेवटच्या क्षणी सांगतं आणि तेव्हा चेन उघडेपर्यंत वेळ नसतो.

शेपूट शिवली तर १२ सेंमीपेक्षा लांब नको, आणि ती पँटला मागे शिवून टाकायची.

मुखवट्याऐवजी टोपी. मुखवट्याच्या भोकांतून समोरचं दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं दिसत नाही. मूल पायरीवर अडखळतं. शिवाय आत घाम येतो. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंमी असतो, पण मोजून घ्या. हिरवी विणलेली किंवा फ्लीसची टोपी घेऊन दोन्ही बाजूंना साडेचार सेंमीचं पांढरं आणि त्यावर दोन सेंमीचं काळं वर्तुळ शिवा. चोचीला लाल फेल्टचे ७ सेंमी लांबीचे दोन बाकदार तुकडे, कडेने शिवून आत चिमूटभर कापूस. चोच टोपीच्या पुढच्या कडेला बसते, पण तिचं टोक भुवईच्या खाली येता कामा नये. पुठ्ठ्याची चोच घामाने मऊ होऊन लोळते. प्लास्टिकचे हलणारे डोळे, मणी, टिकल्या घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर लावूच नका. ३ सेंमीच्या आसपासची किंवा त्याहून लहान कुठलीही वस्तू सुटली की थेट तोंडात जाते आणि घशात अडकू शकते. चमचमणारे दिवे लावायची कल्पना कुणी मांडली तर आधी त्यांची बॅटरी बघा. छोट्या चकतीसारख्या बॅटऱ्या गिळल्या गेल्या तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. आम्ही त्या पोशाखात वापरत नाही.

चेहऱ्यावर रंग लावायचा तर तो त्वचेसाठीच बनवलेला असावा. चित्रकलेच्या रंगांवर ‘बिनविषारी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ते त्वचेला चालतात असा होत नाही. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. डोळ्यांजवळ काही नको. नाकाच्या शेंड्यावर एक लाल ठिपका लावला तरी मुलाला आपण पोपट झाल्याचा आनंद होतो.

तयार पोशाख समारंभाच्या तीन दिवस आधी घालून बघायचा, निदान वीस मिनिटं. उभं करून आरशात दाखवणं म्हणजे चाचणी नव्हे. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, एक पायरी चढणं-उतरणं, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी पिणं, कुणाच्या तरी गळ्यात पडणं, शौचालयात जाऊन येणं, हे सगळं करून घ्या आणि मूल कुठे खाजवतं ते बघा. मानेच्या मागे खाजवलं तर पट्टीची शिवण बोचतेय. आतून मऊ सुती तुकडा लावा. मनगटावर वळ उठला तर इलॅस्टिक १ सेंमी सैल करा. तीन दिवस मध्ये असतील तर हे सगळं शांतपणे होतं. त्यानंतर पंख मुलाच्या उंचीवर, त्याला हात लावता येईल अशा खुंटीला टांगून ठेवा. येता-जाता ते पिसांवरून हात फिरवतं आणि पोशाख ओळखीचा होतो.

समारंभाच्या दिवशी वेळ मुलाच्या झोपेवरून ठरवा. दुपारची झोप झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने सुरुवात, आणि एकूण दीड-दोन तास. त्याहून लांबलं की मुलं किरकिरी होतात, आणि त्या किरकिरीचा दोष पोशाखावर येतो. पंख पहिल्या अर्ध्या तासात. फोटो तेव्हाच काढून घ्या, सगळे यायची वाट पाहू नका. खाण्याआधी टिचबटणं सोडून पंख काढायचे. टी-शर्ट आणि टोपी राहू द्या, पोपट तरीही पोपटच दिसतो.

ज्योत असेल तिथे पंख नकोत, हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही. घरगुती कामाचं फेल्ट बहुधा पॉलिएस्टरचं असतं. ते वितळून कातडीला चिकटतं. सुटं लोंबणारं सुती कापडही चटकन पेटतं. मेणबत्ती विझवण्याआधी पंख खुंटीवर गेलेले हवेत, आणि ते काम एका मोठ्या माणसाकडे आधीच सोपवलेलं हवं. आयत्या वेळी प्रत्येकाच्या हातात फोन असतो. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही लगेच उचलायचे, ते घशात अडकण्याचा धोका आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना असतो.

घरातल्या बाकीच्या मुलांचा विचार आधी करा. एकालाच पंख आणि तीन जण बघताहेत, यात भांडण ठरलेलं. उरलेल्या फेल्टमधून प्रत्येकाला एकेक मनगटपट्टी करा: १८ बाय ५ सेंमीची पट्टी, तिच्यावर चार पिसं, टोकाला वेलक्रो. एका पट्टीला पंधरा मिनिटं लागतात. दोन-तीन जास्त ठेवा, कुणीतरी न सांगता आलेलं असतंच. आजी-आजोबांच्या मनगटालाही एकेक जरा लांब पट्टी बांधली की ज्याचा वाढदिवस आहे ते मूल फार खुलतं.

आणि इतकं करूनही मूल ऐन वेळी ‘नको’ म्हणालं, तर नको. पंख खुंटीवर असू द्या, विषय काढू नका. पाहुणे स्थिरावले, इतर मुलं मनगटपट्ट्या घालून पळू लागली की बहुतेक वेळा ते स्वतःच पंख मागतं. नाही मागितले तर दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना घालतं, आणि संध्याकाळपर्यंत काढत नाही.

नंतर पंख गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवा. लाल चोच वेगळी धुवायची, तिचा रंग जातो. इस्त्री फिरवायची तर मंद, आणि मध्ये सुती कापड ठेवून. ठेवताना घडी घातली तर पिसांना कायमची मोड बसते. पिसं बाहेरच्या बाजूला ठेवून जुन्या चादरीसकट सुरळी करा. या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंमी वाढतं. पुढच्या वर्षी मनगटाचं इलॅस्टिक उसवून टोकाला ३ सेंमीचा तुकडा जोडला आणि नव्या टी-शर्टवर टिचबटणं हलवली, की तेच पंख पुन्हा बसतात.